‘माहिती तात्काळ भरा’ म्हणण्याआधी

प्रस्तावना

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक बदलले की चार्ज यादीत सगळ्यात आधी जनरल रजिस्टर येतं. बाकं, तराजू, गॅस शेगडी यांच्या नोंदी नंतर तपासल्या तरी चालतात. या रजिस्टराची पानं मात्र एकेक उलटून पाहिली जातात. मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं त्यात असतं. खाडाखोड चालत नाही. जन्मतारीख किंवा जात बदलायची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. कुणाला उतारा हवा असेल तर त्याने अर्ज करायचा, शाळेने जावक क्रमांक टाकून सही-शिक्क्यानिशी द्यायचा आणि रजिस्टर पुन्हा कपाटात ठेवून कुलूप लावायचं. गुरुजी गावातले असले, मागणारा त्यांच्या भावकीतला असला, तरी रजिस्टर घरी नेऊन बघायला मिळत नाही.

ही शिस्त किती मोलाची आहे हे मराठवाड्याला २०२३ मध्ये नव्याने कळलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदींच्या शोधात महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली. काही मोडीत, काही उर्दूत. निजामाच्या राजवटीत कुणा मास्तराने बोरूने लिहिलेली एक ओळ तीन-चार पिढ्यांनंतरच्या वंशजाच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न ठरवू लागली. शाळेने मुलाबद्दल लिहिलेली नोंद त्या मुलाच्याही पुढे जगते, हे शिक्षकाला कोणत्याही प्रशिक्षणाविना ठाऊक असतं.

ही पुस्तिका त्याच जाणिवेवर उभी आहे. ‘विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता’ हा विषय परदेशातून आला, तो शहरातल्या इंग्रजी शाळांचा, त्यासाठी संगणकतज्ज्ञ हवेत, असं एक दडपण शिक्षकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात आपल्या शाळांमध्ये गोपनीयतेची रीत शंभर वर्षांपासून आहे. अडचण एवढीच की ती कागदापुरती राहिली. तीच माहिती मोबाइलवर आली तेव्हा कपाट आलं नाही, जावक क्रमांक आला नाही आणि मागणाऱ्याने अर्ज करायची पद्धतही आली नाही.

माहिती मोबाइलवर का आली, याचंही कारण आहे आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचं उघड झालं. त्यांच्या नावाने पोषण आहार, अनुदान आणि शिक्षकांची पदं चालू होती. त्या धक्क्यातून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद ठेवण्याची गरज पुढे आली. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली. देशपातळीवर यू-डायस होतीच; २०१८-१९ पासून ती यू-डायस प्लस झाली आणि शाळेच्या एकत्रित आकड्यांवरून हळूहळू एकेका मुलाच्या नोंदीपर्यंत आली. मग आधार जोडणी, आधारवैध विद्यार्थ्यांवर ठरणारी शिक्षकपदांची संचमान्यता, २०२३ पासून ‘अपार’ आयडी, विद्या समीक्षा केंद्रासाठी चॅटबॉटवर भरायची हजेरी आणि नियतकालिक चाचण्यांचे गुण. यातली प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर तिच्यामागे काहीतरी सयुक्तिक कारण सापडतं. सगळ्या एकत्र ठेवल्या की मात्र एका सात वर्षांच्या मुलीची एवढी माहिती जमा होते, की तेवढी तिच्या आजोबांची आयुष्यभरात कुठे नोंदली गेली नसेल.

ईटचं उदाहरण घेऊ. भूम तालुक्यातलं हे गाव बालाघाटाच्या पठारावर, बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. कोरडवाहू शेती, दुभती जनावरं, खव्याच्या भट्ट्या आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं असं या भागाचं वर्षाचं चक्र आहे. धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्यामुळे इथल्या शाळांकडे निर्देशांकांसाठी माहितीची मागणी आणखी वाढली. अशा गावातल्या शिक्षकाच्या मोबाइलमध्ये साधारण काय काय असतं? मुलांच्या आणि पालकांच्या आधार कार्डांचे फोटो, शिष्यवृत्तीसाठी बँक पासबुकाची पहिली पानं, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, दिव्यांग मुलांची प्रमाणपत्रं, आरोग्य तपासणीतली वजनं आणि रक्तगट. आणि एक यादी हमखास असते: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांची.

ही यादी चांगल्या हेतूने होते. आईबाप तोडीला गेले तरी मूल मागे राहावं, त्याला हंगामी वसतिगृहाची सोय मिळावी, बरोबर गेलंच तर शिक्षण हमी पत्रकावर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं, यासाठी ती लागते. पण तीच यादी शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली, तिथून कुणी ती गावच्या ग्रुपवर ढकलली, तर ती काय सांगते? कोणत्या घरांना चार-पाच महिने कुलूप असणार आहे. कोणत्या घरी म्हाताऱ्या आजीजवळ बारा-तेरा वर्षांची मुलगी एकटी राहणार आहे. उचल घेऊन फडावर न गेलेल्या बापाच्या शोधात असलेल्या मुकादमाला त्याची पोरं कुठल्या शाळेत सापडतील. मुलांच्या भल्यासाठी बनवलेली यादी चुकीच्या हाती गेली की तिची किंमत मुलांनाच मोजावी लागते. म्हणूनच गोपनीयतेचा विचार हा श्रीमंतांचा चोचला नाही. ज्याच्या घराला भक्कम दार नाही त्यालाच त्याची जास्त गरज असते.

माहिती फुटते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या पडद्यासमोर बसलेला हॅकर येतो. शाळेची माहिती अशी क्वचितच फुटते. ती ‘सर्वांनी याच शीटमध्ये आपापल्या शाळेची माहिती भरावी’ म्हणून आलेल्या गुगल शीटमधून फुटते, कारण ती शीट तालुक्यातल्या कुणालाही उघडता येते. ती बाजारातल्या सेवा केंद्रात फुटते. तिथे शाळेत रेंज नाही म्हणून मुख्याध्यापकांनी यू-डायसचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो आणि ती चिठ्ठी वर्षानुवर्षं काउंटरच्या काचेखाली राहते. ती जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देताना फुटते. ती घरच्या पोराने खेळायला घेतलेल्या गुरुजींच्या मोबाइलमधून फुटते. लॉगिन म्हणजे मुख्याध्यापकांची सहीच असते. सही जशी दुसऱ्याला करू देत नाही तसं लॉगिन देता येत नाही, एवढं एक वाक्य मनात ठसलं तरी अर्धं काम झालं. २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आलेल्या बनावट शालार्थ (वेतन प्रणालीच्या) आयडीच्या प्रकरणाने, शिक्षण खात्याच्या प्रणालीत खोटी नोंद शिरली की काय होतं, ते साऱ्या राज्याला दाखवलंच आहे.

वरच्या पातळीवरही सगळं आलबेल नसतं. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेलं ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ शिक्षकांच्या परिचयाचं आहे. कोरोनाकाळात त्याचा वापर प्रचंड वाढला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या १६४ शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या १४६ ठिकाणी मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशी माहितीची हाताळणी आढळली. तपासलेल्यांत ‘दीक्षा’ही होतं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली, की दीक्षाचा एक सर्व्हर कुलपाविना राहिल्यामुळे दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती वर्षभराहून जास्त काळ उघडी होती. त्यात शिक्षकांची संख्या जास्त होती, हे ध्यानात घ्यावं. या विषयात शिक्षक राखणदार तर आहेच. नुकसान होणाऱ्यांतही तो पहिल्या रांगेत आहे.

मग शिक्षकांना आजवर तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण मिळालं नाही का? भरपूर मिळालं. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केली आणि वेतनवाढ टिकवण्यासाठी हजारो शिक्षकांनी माउस हातात धरला. पुढे तंत्रस्नेही शिक्षकांची एक पिढीच उभी राहिली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरला. ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निष्ठा प्रशिक्षण २०१९ मध्ये प्रत्यक्ष आणि २०२० पासून ऑनलाइन झालं. नव्या शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. म्हणजे तास आहेत, व्यासपीठं आहेत, शिकण्याची तयारीही आहे.

पण या सगळ्या प्रशिक्षणांचा सूर एकच राहिला: कसं भरायचं. लॉगिन कसं करायचं, फोटोचा आकार कमी कसा करायचा, ‘सेव्ह’ झालं नाही तर काय करायचं. काय भरू नये, कुणाला देऊ नये, काम झाल्यावर काय पुसून टाकावं, हे पीपीटीच्या शेवटच्या स्लाइडवरही सहसा नसतं. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून केंद्राच्या शिक्षण परिषदेला प्रशिक्षण उतरत जाताना, ती स्लाइड असलीच तर ‘वेळेअभावी पुढे जाऊ’ म्हणून आधी तीच गळते.

कायद्याची चौकट गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आधार कायद्यानुसार कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. नोटीस बोर्डावरची यादीही त्यात आलीच. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेणं हा नियम आहे. शिकवण्यासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना काही सवलती आहेत, सरकारी योजनांनाही आहेत. त्या कुठवर पोचतात हे पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात सोप्या भाषेत दिलं आहे. अत्याचारपीडित मुलाची ओळख उघड करणं हा तर पोक्सो आणि बाल न्याय कायद्याखाली गुन्हाच आहे. त्यात शाळेला सवलत नाही आणि ‘ग्रुपवर फक्त सहकाऱ्यांना कळवलं’ हा बचावही नाही.

संमती या शब्दापाशी मात्र कायदा आणि गाव यांच्यात मोठं अंतर पडतं. ‘अपार’ आयडी ऐच्छिक आहे, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं आहे. त्याच्या अर्जावर पालकाची सही लागते आणि संमती मागे घेण्याची तरतूदही त्यात आहे. प्रत्यक्षात पालक सभेत कागद पुढे येतो, तेव्हा आई विचारते, “सर, कुठं करू सही?” कागदावर काय आहे हे ती विचारत नाही. गुरुजी म्हणतात म्हणजे पोराच्या भल्याचंच असणार, हा तिचा विश्वास. स्वीडनमध्ये एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली. पालकांची संमती घेतलेली होती. तरीही २०१९ साली तिथल्या माहिती संरक्षण यंत्रणेने शेलेफ्तेओ नगरपालिकेला दोन लाख क्रोनर दंड केला. कारण असं दिलं, की विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतात. अशा नात्यात दिलेल्या संमतीला मोकळी संमती म्हणता येत नाही. तो युक्तिवाद ईटच्या पालक सभेला जास्तच लागू पडतो. जिथे पालक नकार देण्याच्या स्थितीत नसतो, तिथे त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी सही घेणाऱ्यावर येते. अंगठा घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवणं आणि ‘नाही दिली तरी पोराचं नाव कमी होणार नाही’ हे स्वतःहून सांगणं हेच इथलं खरं कौशल्य. ते कुठल्याही ॲपवर शिकता येत नाही.

फोटोंचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्य शासनाने एक निर्णय काढला होता. शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सोमवारी सेल्फी काढून सरलवर चढवायची आणि त्यावरून शाळाबाह्य मुलांचा माग ठेवायचा, अशी ती योजना होती. मुख्याध्यापक आणि शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि ती बारगळली. तेव्हाचा विरोध मुख्यतः ‘आम्ही शिकवायचं कधी?’ असा होता. मुलांच्या चेहऱ्यांचं पुढे काय होणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आज तो विचारायला हवा, कारण फोटो ही आता दर कार्यक्रमाची पावती झाली आहे. वह्यावाटपात हात पुढे केलेलं मूल, ‘गरजू विद्यार्थी’ असं खाली लिहिलेला फ्लेक्स, आईबापांविना राहणाऱ्या मुलाची फेसबुकवर फिरणारी कहाणी. देणाऱ्याचा चेहरा दिसायला हवा, हे समजू शकतं. घेणाऱ्याचा का दिसावा? तो मुलगा दहा वर्षांनी कॉलेजात असेल आणि कुणीतरी ते चित्र शोधून त्याला दाखवेल. नाव, शाळा आणि चेहरा या तीन गोष्टी एकत्र प्रसिद्ध करू नयेत, पाठमोरे किंवा हातांचे, कामाचे फोटो काढावेत, या साध्या युक्त्या चौथ्या प्रकरणात नमुन्यांसह आहेत.

नव्या साधनांपैकी एकाचा उल्लेख इथेच करायला हवा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१०-११ पासून आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणं हे वर्षअखेरचं मोठं काम झालं. आता पुष्कळ शिक्षक त्या नोंदी चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून लिहून घेतात. त्यात गैर काही नाही. पण पटाचा फोटो काढून तोच तिथे चढवला, तर वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं, गुण आणि ‘वाचनात मागे’, ‘वागणूक आक्रमक’ यांसारखे शेरे आपण एका परक्या कंपनीच्या यंत्राला देऊन बसतो. नावाऐवजी ‘मूल क’ लिहिलं, जात, आजार आणि घरची परिस्थिती गाळली, तर नोंद तेवढीच चांगली मिळते. पाच मिनिटांत शिकवता येणारी ही गोष्ट आहे.

या पुस्तिकेवर एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादी, सर्वेक्षणं, त्यात वेळी-अवेळी येणारी ‘आज दुपारी तीनपर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवावे’ अशी टपालं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातले अनेक शिक्षक निषेध म्हणून प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले होते; ऑनलाइन कामांचं ओझं ही त्यांच्या तक्रारींपैकी एक होती. अशा माणसाला आता गोपनीयतेचं आणखी एक काम सांगायचं?

याचं उत्तर या विषयाच्या पहिल्याच तत्त्वात आहे: लागेल तेवढीच माहिती घ्यावी, एकदाच घ्यावी आणि काम झाल्यावर ठेवू नये. शिक्षक संघटना अशैक्षणिक कामांविरुद्ध वर्षानुवर्षं जी मागणी करत आल्या आहेत, तीच ही मागणी, फक्त मुलाच्या बाजूने मांडलेली. जी माहिती यू-डायसवर आहे ती पुन्हा एक्सेलमध्ये मागवली जाते, तेव्हा शिक्षकाची दुपार जाते आणि मुलाच्या माहितीची आणखी एक प्रत कुठेतरी बेवारस पडते. एक प्रत कमी झाली की ओझं आणि धोका दोन्ही एकदम घटतात. म्हणून गोपनीयतेला जास्तीचं काम समजू नये. नको असलेल्या कामाला नाही म्हणण्याचं बळ तिच्यातून मिळतं, आणि या वेळी ते कायद्याच्या भाषेत मिळतं.

पुस्तिकेची रचना त्यानुसारच आहे. पहिलं प्रकरण शाळेत कोणती माहिती कुठे आहे याची मोजदाद कशी करावी ते सांगतं. हे काम मुख्याध्यापकांनी शालेय व्यवस्थापन समितीला बरोबर घेऊन करावं. दुसऱ्यात कायदा, तिसऱ्यात मोबाइल, पासवर्ड आणि सामायिक शीट, चौथ्यात फोटो आणि कार्यक्रम, पाचव्यात पालकांशी बोलणं. सहावं प्रकरण चूक झालीच तर काय करायचं याचं आहे: कुणाला कळवायचं, १९३० हा सायबर फसवणुकीचा आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक केव्हा लावायचा, पालकांना काय सांगायचं. ही प्रकरणं एकेक करून केंद्राच्या शिक्षण परिषदेत घेता येतील. शेवटी सोडवायला दिलेले प्रसंग ईट परिसरात घडू शकतील असेच निवडले आहेत.

सातवं प्रकरण शिक्षकांसाठी नाहीच. ते माहिती मागणाऱ्यांसाठी आहे: केंद्रप्रमुख, विषय साधनव्यक्ती, गटशिक्षणाधिकारी, आरोग्य खातं, पंचायत समिती, स्वयंसेवी संस्था आणि शाळेला टॅब देऊन छायाचित्र मागणारे दाते यांच्यासाठी. प्रपत्र काढण्याआधी त्यांनी चार प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत असं तिथे सुचवलं आहे. ही माहिती कशासाठी हवी? ती आधीच कुठे उपलब्ध नाही ना? ती कोण पाहणार? ती केव्हा नष्ट करणार? शाळेकडून उतारा हवा असेल तर साध्या गावकऱ्यालाही अर्ज करावा लागतो. कार्यालयानेही तो करायला हरकत नाही. शिक्षकाला कितीही तयार केलं आणि वरून ‘माहिती तात्काळ भरा’ एवढंच येत राहिलं, तर तो भरणारच, कारण त्याचं गोपनीय अहवालाचं पान त्याच कार्यालयात असतं. तेव्हा या पुस्तिकेवरचं पहिलं प्रशिक्षण गटसाधन केंद्रात, टेबलाच्या त्या बाजूला बसणाऱ्यांचं व्हावं.